गोलपुढची माती : कोल्हापुरातल्या एका फुटबॉल मैदानाच्या प्रकल्प नोंदी

६ एप्रिल २०२५

हंगामातले महत्त्वाचे सामने आटोपले. आज सकाळी मैदान मोकळं होतं, म्हणून हातात एक लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन ते उभं-आडवं चालून काढलं. कॉर्नरच्या झेंड्याजवळ तो तळहाताच्या जोराने मुठीपर्यंत आत गेला. मध्यवर्तुळात बोटभर गेला. दोन्ही गोलपुढे जेमतेम दोन सेंटीमीटर, तेही टाच देऊन.

गेली दोन वर्षं आम्ही दर पावसाळ्यात गोलपुढे हरळीची नवी ठोंबं लावतो. ऑगस्टमध्ये हिरवंगार दिसतं, डिसेंबरपर्यंत टक्कल पडतं. खत बदललं, पाणी वाढवलं, ठोंबं दुसरीकडून आणली. गवतावरच सगळा खर्च केला. माती कधी खणून पाहिली नाही.

हे आता लिहून ठेवण्याचं एक कारण आमचा गोलकीपर आहे. नववीतला मुलगा, धाडसी. सराव सुरू होण्याआधी तो चड्डीच्या आत कमरेजवळ दोन्ही बाजूंना टॉवेलच्या घड्या खोचतो. मी विचारलं तर म्हणाला, "सर, इथं पडलं की हाडाला लागतंय." अख्ख्या मैदानात ज्याने जमिनीवर झेप घ्यायची, त्याच्याच वाट्याला सगळ्यात कठीण जमीन आली आहे. हे मला सहन होत नाही.

९ एप्रिल

उत्तरेकडच्या गोलपुढून एक फूटभर खोल चौकोनी ढेकूळ काढलं. कुदळीने नाही, पहारीने काढावं लागलं.

वरचे सहा-सात सेंटीमीटर म्हणजे पापुद्रे. भाकरीच्या चवडीसारखे एकावर एक, नखाने सोलता येतात. हरळीची मुळं तिथपर्यंत येऊन आडवी वळलेली, काही ठिकाणी दोन पापुद्र्यांच्या मधे चपटी होऊन पसरलेली. त्याच्या खाली माती चांगली आहे. रवाळ, थोडी ओल धरून असलेली, गांडुळाची जुनी वाटही दिसली. म्हणजे रोग वरच्या वितीच्या आतला आहे. माणसाच्या पायाने दबलेली माती बहुतेक अशीच वरच्या थरात दबते. खूप खोल दाब जायला जड वाहन लागतं.

त्या टकलावर सध्या जे हिरवं दिसतं ती हरळी नाही. नाचणीच्याच कुळातलं, चपट्या बुडाचं, चिवट रानगवत आहे. घट्ट दाबलेल्या जमिनीत बाकीचं गवत हरलं की हे येतं. जिथे ते दाट, तिथे माती दगड, असा नकाशा नुसत्या डोळ्यांनी काढता आला.

माळीमामांनी ढेकूळ हातात घेऊन बराच वेळ पाहिलं. त्यांचा प्रश्न नेमका होता. काळी माती तर उन्हाळ्यात भेगाळते, स्वतःच स्वतःला नांगरते, मग आपलीच का नाही? उत्तर आमच्या स्प्रिंकलरमध्ये आहे. शेत उन्हात तापतं, आक्रसतं, भेगा खोल जातात, पावसाळ्यात पुन्हा फुगतं, आणि या आकुंचन-प्रसरणात माती मोकळी होते. मैदानाला आपण रोज संध्याकाळी थोडं थोडं पाणी देतो. भेग पडायची सवडच देत नाही. वर रोज ओली, रोज तुडवलेली.

१४ एप्रिल

मोजमाप केलं. लोखंडी नळीचा तुकडा, आतला व्यास ५ सेंमी, उंची ५ सेंमी, म्हणजे ९८ घनसेंटीमीटर माती मावते. काळी माती ओल्यात फुगते आणि कोरड्यात आक्रसते, म्हणून कोरडा नमुना घेऊन चालत नाही. सगळ्या ठिकाणी भरपूर पाणी देऊन तीन दिवस थांबलो, मग नमुने घेतले. प्रयोगशाळेच्या ओव्हनमध्ये १०५ अंशांवर चोवीस तास.

उत्तर गोल : १५७ ग्रॅम, म्हणजे घनता १.६० (दर घनसेंटीमीटरला ग्रॅम).
मध्यवर्तुळ : १.४९.
कॉर्नर : १२७ ग्रॅम, १.२९.

भारी चिकणमातीत १.४७च्या पुढे मुळांची वाढ अडते असं मानतात. गवतासाठी चांगल्या मातीत साधारण अर्धी जागा घन कणांची, उरलेल्या अर्ध्यात पाणी आणि हवा निम्मी-निम्मी असावी. १.६० घनता असेल तर पोकळी चाळीस टक्क्यांवर येते, आणि त्यातल्याही मोठ्या, हवा खेळणाऱ्या पोकळ्या आधी मोडतात. उरतात त्या बारीक. त्यांत पाणी अडकून बसतं आणि मुळं गुदमरतात. म्हणून पाणी वाढवलं तेव्हा गवत जास्तच पिवळं पडलं होतं.

१५ एप्रिल

तेलाचा पत्र्याचा डबा दोन्हीकडून कापून त्याची कडी केली, जमिनीत ठोकली, २५ मिलिमीटर पाणी ओतलं आणि घड्याळ लावलं. आधी एकदा पाणी ओतून जिरवून घेतलं होतं, नाहीतर पहिला आकडा फसवा येतो. कॉर्नरला पंचवीस मिनिटं. उत्तर गोलपुढे चार तास होऊन गेले तरी तळाला पाणी चकाकत होतं.

२० एप्रिल

व्यवस्थापनाची बैठक. मी ढेकूळच टेबलावर ठेवलं.

माती दबली कशी, याची यादी करणं कोणालाच आवडलं नाही, पण केली. हंगामभर सकाळ-संध्याकाळ सराव, तोही कायम त्याच दोन गोलांवर. कार्यक्रमांच्या वेळी मैदानात लागणाऱ्या गाड्या. आणि दोन वर्षांपूर्वी पावसानंतर मैदान सपाट दिसावं म्हणून फिरवलेला क्रिकेटचा रोलर. तो मीच फिरवायला सांगितला होता. ओल्या काळ्या मातीवर रोलर. आज तसं कोणी करताना दिसलं तर मी आडवा पडेन. क्रिकेटच्या खेळपट्टीला घट्टपणा हवा असतो, फुटबॉलच्या मैदानाला नको असतो, हा फरक तेव्हा डोक्यात आला नाही.

मागितलं ते असं : मातीच्या कांड्या उपसणाऱ्या पोकळ दातांच्या यंत्राने पूर्ण मैदानाला भोकं, गोलपुढे दोनदा, भोकांत भरायला धुतलेली वाळू, आणि आठ आठवडे मैदान बंद. पैशांवर फार वाद झाला नाही. आठ आठवड्यांवर झाला. उन्हाळी शिबिर मेच्या मध्यापर्यंत आहे, ते रद्द होणार नाही. शेवटी ठरलं की शिबिर बाजूच्या मुरमाच्या पट्ट्यावर, आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून मैदान पूर्ण बंद.

शिरोळकडच्या एका सभासदांनी जिप्सम टाकायला सुचवलं. त्यांच्या क्षारपड जमिनीला त्याचा गुण आला आहे, आणि तिथे ते बरोबरच आहे. सोडियममुळे बिघडलेल्या मातीत जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला हुसकावतं. आमच्या माती परीक्षणात सामू (पीएच) ७.४ आणि सोडियम कमी आला. पायाखाली दबलेली माती जिप्समने सुटत नाही.

२८ एप्रिल

उद्यमनगरात, इथल्या छोट्या कारखान्यांच्या वसाहतीत गेलो. यंत्र येईपर्यंत गोलखांबांच्या अगदी बुडाशी, जिथे यंत्र वळत नाही, तिथे हाताने काम करायला एक अवजार हवं होतं. वरती आडवी मूठ, खाली पाय द्यायची पट्टी, तिला दोन पोकळ नळ्या, नळीच्या वरच्या अंगाला खिडकी म्हणजे मातीची कांडी बाहेर पडेल. कारागिराने खडूने फरशीवर चित्र काढून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी या म्हणाला.

४ मे

पहिल्या दहा भोकांतच नळ्या तुंबल्या. प्रत्येक वेळी सळईने माती ढकलून काढायची. असं झालं तर चौरस मीटरला तासभर लागेल.

अवजार परत नेलं. नळी टोकापासून वरपर्यंत एकसारख्या व्यासाची होती, त्यामुळे कापलेली माती आतल्या भिंतीला घासत वर चढत होती. टोकाचं तोंड आतल्या व्यासापेक्षा थोडं लहान हवं, म्हणजे कापली गेलेली कांडी आत सैल राहते आणि पुढची कांडी मागचीला वर ढकलते. कारागिराने टोकाला पोलादी कडी बसवून आतून हलका उतार दिला. लगेच फरक. कांड्या खडूसारख्या टपाटप खिडकीतून पडू लागल्या. तो स्वतः मैदानावर येऊन पाहून गेला, मजुरी वाढवून घेतली नाही.

११ मे

आजचं पाणी शेवटचं. यापुढे वरवर रोज नाही, आठवड्यातून दोनदा खोल. यंत्र २२ तारखेला ठरलं आहे. त्याआधी १८ला भरपूर पाणी, मग चार दिवस उन्हात, म्हणजे नेमका वाफसा येईल, माती ना चिखल ना कोरडी.

२२ मे

हिशेब पावसाने मोडला. दोन दिवस धो धो. आज यंत्र पुण्याहून आलं आणि मैदानावर टाच रुतत होती.

यंत्रवाल्याचा आग्रह होता की आलोय तर करून टाकू, ओल्यात दात लवकर आत जातात. ते खरं आहे, जातात. माळीमामा दारातच उभे राहिले. "सर, ह्यो वाफसा न्हाई. चिखलात नांगर घातला की वरीसभर ढेकळं निघत्यात." मी मधला मार्ग काढला. साइडलाइनच्या बाहेर, खेळात नसलेल्या जागेत दोन मीटरचा एक पट्टा करून पाहिला.

भोकात बोट घालून पाहिलं. आतली भिंत गुळगुळीत, लिंपल्यासारखी. ओल्या चिकणमातीत दात शिरतो तेव्हा बाजूची माती दबून तिचा लेप बसतो. त्या लेपातून ना पाणी जातं ना मूळ. म्हणजे नळीभर हवा मिळेल, पण तिच्या भोवती घडीव भिंत. यंत्र परत पाठवलं. जाण्या-येण्याचं भाडं भरावं लागलं. व्यवस्थापनाला ते पटवणं कठीण जाईल, पण त्या लिंपलेल्या भोकाचा फोटो काढून ठेवला आहे.

२७ मे

काल मान्सून मुंबईत पोचला. एरवी तारीख ११ जूनची. केरळातही या वर्षी २४ मेलाच आला. माझं सगळं वेळापत्रक जूनच्या पहिल्या आठवड्याच्या पावसावर बेतलेलं होतं : मेअखेर भोकं, मग पावसात हरळीची वाढ.

रोज सकाळी मैदानाच्या तीन जागांहून मूठभर माती काढून पाहतो आहे. तळहातावर वळी केली तर सुतळीइतकी बारीक होऊनही तुटत नाही. जास्त ओली.

३ जून

उघडीप. वारा आहे. वळी अजून तुटत नाही.

७ जून

वळी पेन्सिलीइतकी जाड असतानाच तुटली. गोळा करून कमरेइतक्या उंचीवरून टाकला, फुटला, चिखलासारखा चपटा झाला नाही. वाफसा. मामांनी आधीच ओळखलं होतं. ते माती हातात घेत नाहीत, चपलेच्या टाचेने दाबून पाहतात. कृषी विषयाची पदवी माझ्याकडे आहे, पण टाचेने ओळखणं मला अजून जमलेलं नाही.

यंत्रवाल्याला फोन केला. नशीब म्हणजे तो सांगलीतच होता.

८ जून

पहाटे साडेपाचला सुरुवात. दात दीड सेंटीमीटर व्यासाचे, अंतर ५ बाय ५ सेंमी, खोली ८ सेंमी. घट्ट थर सात सेंटीमीटरचा, म्हणजे त्याला आरपार छेद. चौरस मीटरला ४०० भोकं. ऐकायला खूप वाटतं, पण पृष्ठभागाचा जेमतेम सात टक्के भाग उघडा होतो. गोलपुढे म्हणून दोनदा फिरवायचं, दुसऱ्यांदा तिरकं. तरीही चौदा टक्केच.

दुपारपर्यंत मैदानभर मातीच्या कांड्या पसरल्या. गोलपुढच्या कांड्या हातात घेतल्या तर मधूनच पापुद्र्यावर मोडत होत्या, कॉर्नरच्या अखंड, मुळांनी बांधलेल्या. यंत्राचा ऑपरेटर तरुण मुलगा, त्याने विचारलं की गोलपुढे दात का उड्या मारतायत. मी त्याला दोन्ही कांड्या शेजारी शेजारी ठेवून दाखवल्या.

९ जून

गोलखांबांच्या बुडाशी हाताचं अवजार चालवलं. मामा, मी आणि सुट्टीवर असलेली चार मुलं. कीपरही आला होता. त्याने आपल्या उभं राहण्याच्या जागेची भोकं स्वतः पाडली, कोणाला हात लावू दिला नाही.

१० जून

वाळूचा प्रश्न. संपूर्ण मैदान ५,७०० चौरस मीटर. एका चौरस मीटरच्या भोकांत साडेपाच लिटरच्या वर वाळू मावते. सगळं भरायचं तर अकरा ब्रासच्या पुढे (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). तेवढे पैसे नाहीत आणि गरजही नाही. ठरवलं की दोन गोलपुढचे पट्टे आणि मध्यवर्तुळ एवढंच वाळूने भरायचं, तिथल्या कांड्या उचलून बाहेर. बाकी मैदानावर कांड्या सुकू द्यायच्या, लोखंडी जाळी ओढून फोडायच्या आणि तीच माती गवतात जिरवायची. तिथे माती इतकी वाईट नाही, आणि हरळीच्या बुडाशी साठलेल्या मेलेल्या काड्यांच्या गादीवर ताजी माती पडली की ती गादी लवकर कुजते.

दोन ब्रास क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू मागवली, धुतलेली. पहिला ट्रक परत केला. बाटलीत मूठभर वाळू आणि पाणी घालून हलवली, पाच मिनिटांनीही पाणी दुधासारखं गढूळ. ही भुकटी भोकात गेली तर मातीबरोबर मिळून सिमेंटासारखी बसेल. दुसऱ्या ट्रकचं पाणी मिनिटभरात निवळलं. चाळून पाहिली, बहुतेक दाणे पाव ते एक मिलिमीटरमधले. घेतली.

वाळू नुसती वर पसरून सोडायची नाही, हे सगळ्यांना दोनदा सांगितलं. चिकणमातीवर वाळूचा पातळ थर म्हणजे दोन वेगवेगळ्या जमिनी एकावर एक. वरची वाळू भिजते, खालची माती पाणी घेत नाही, मुळं मधल्या सांध्यातच राहतात, आणि धावणाऱ्याचा पाय सरकतो. वाळू भोकात उतरली पाहिजे. खराट्याने चारी दिशांनी ढकलली. अंगणं झाडणाऱ्या दोन मावशींनी आमच्या चौघांपेक्षा जास्त काम केलं. त्यांचा खराटा उभा चालतो, आमचा आडवा.

१२ जून

गोलपुढे आणि मध्यवर्तुळात हरळीचे ठोंब, ओळीत. युरिया चौरस मीटरला ११ ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅम नत्र. अर्धा आज, अर्धा तीन आठवड्यांनी. मैदानाच्या फाटकाला कुलूप.

१७ जून

पाऊस परतला. छत्री घेऊन गोलपुढे उभा राहिलो. आधी इथे तळं साचायचं आणि त्यात मुलं घसरायची. आज पाणी साचलं, पण पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासात ओसरलं. साइडलाइनबाहेरचा, २२ मेचा तो लिंपलेला पट्टा मात्र अजून चमकत होता. भाड्याचा विषय पुन्हा निघाला तर सगळ्यांना तिथे नेऊन उभं करणार आहे.

२९ जून

पुन्हा एक ढेकूळ काढलं, या वेळी कुदळीने निघालं. वाळूच्या प्रत्येक खांबात पांढरी मुळं उतरली आहेत. सरळ, ताजी, भोकाच्या तळापर्यंत आणि त्याखालच्या रवाळ मातीत. भोकांच्या मधली माती अजून तशीच पापुद्र्यांची आहे. ते अपेक्षित होतं. यंत्र माती मोकळी करत नाही, फक्त दारं उघडतं. मधली माती सैल करायचं काम आता मुळं, गांडुळं आणि ओल-वाळ यांचं आहे, आणि त्याला हंगाम लागतात.

१५ जुलै

आज वाद झाला. आठ आठवड्यांची मुदत संपत आली आहे, गवत दिसायला दाट आहे, आणि मोठ्या मुलांना मैदान हवं आहे. त्यांचं म्हणणं खोटं नाही. शहरात गल्लोगल्ली फुटबॉल आहे, अनिकेत जाधवसारखा मुलगा याच शहरातून २०१७च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकापर्यंत गेला, आणि आमची मुलं कुलपाबाहेर उभी.

पण पाऊस चालू आहे. ओली माती कोरड्या मातीपेक्षा कितीतरी सहज दबते, कारण पाणी कणांमध्ये वंगणासारखं काम करतं. जूनमधल्या तीन दिवसांचं काम स्टड घातलेली बावीस मुलं भर पावसात एका संध्याकाळी पुसून टाकू शकतात. मी नियम फाटकावर लिहून लावला : फाटकाच्या आत दहा पावलं चाला, मागे वळून पाहा, ठसा दिसला तर आज सराव नाही. निर्णय माझा राहत नाही, जमिनीचा राहतो. त्यावर ती मुलं शांत झाली. दोघे-तिघे रोज येऊन इमानाने ठसे पाहून जातात.

१० ऑगस्ट

छाटणी. एका वेळी पात्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नाही.

३१ ऑगस्ट

दोन हलवते गोल करून आणले, पाइपचे. आता सराव मैदानाच्या रुंदीत, आडवा. दर आठवड्याला गोल सहा-सात मीटरने सरकवायचे. कायमचे गोल फक्त सामन्यांना. किपिंगचा सराव पूर्णपणे त्यांच्यापासून हलवला. माझ्या मते या सगळ्या प्रकल्पातला सगळ्यात मोलाचा खर्च हाच आहे, आणि तो सगळ्यात कमी होता.

५ ऑक्टोबर

एप्रिलसारखंच भरपूर पाणी, तीन दिवस थांबून, त्याच नळीने नमुने. उत्तर गोल १.४४. मध्यवर्तुळ १.३८. कॉर्नर १.२९, तसाच. गोलपुढच्या आकड्यात वाळूचाही वाटा आहे, म्हणून नमुना भोकांच्या मधून घ्यायचा प्रयत्न केला, पण इतक्या जवळच्या भोकांत तो पूर्ण वेगळा काढता येत नाही. कडीत २५ मिलिमीटर पाणी जिरायला एक तास दहा मिनिटं. कॉर्नरची पंचवीस मिनिटं अजून दूर आहेत.

दक्षिण गोल उत्तरेपेक्षा मागे आहे. तिथे सावली पडते, हरळीला तर दिवसभर ऊन हवं असतं.

आज सराव झाला. कीपर टॉवेल घेऊन आला होता, नेहमीसारखा. डावीकडे दोनदा झेपावला, उठला, मग टॉवेल काढून खांबाला अडकवला आणि पुढचे सगळे चेंडू तसेच अडवले. मी काही बोललो नाही.

१२ ऑक्टोबर

पुढचं काम. थंडी पडून हरळी मंदावण्याआधी, या महिन्यातच, वाफसा पाहून गोलपुढे भरीव दातांनी खोल भोकं, वीस सेंटीमीटरपर्यंत, वाळू न भरता. पुन्हा आठ सेंटीमीटरवरच थांबलो तर त्या खोलीवर नवा घट्ट थर तयार होतो, म्हणून खोली बदलायची. पोकळ दातांचं यंत्र पुढच्या वर्षी मेच्या पहिल्या आठवड्यातच सांगून ठेवायचं, आणि भाड्याच्या करारात "ओल असल्यास तारीख पुढे" हे आधीच लिहून घ्यायचं. दक्षिण गोलावरच्या झाडाच्या दोन खालच्या फांद्या उतरवायला परवानगीचा अर्ज उद्या.